करेझा

करेझा : जोडप्याने एकमेकांना जवळ घ्यावे, स्पर्श, बोलणे आणि विसावा यांत रमावे, आणि तृप्तीचा शेवट गाठण्याची घाई ठेवू नये, अशी समागमाची रीत. मराठीत तिला रुळलेला प्रतिशब्द नाही. ‘प्रीतिसंग’ चालला असता. पण सातारा-सांगलीच्या वाचकाला तो ऐकताच कराडचा प्रीतिसंगम, म्हणजे समोरासमोर येऊन भेटणाऱ्या कृष्णा-कोयना आठवतील. म्हणून मूळ शब्दच येथे ठेवला आहे.

उगम : इटालियन ‘कारेत्सा’ (गोंजारणे) या शब्दाशी त्याचे नाते आहे. शिकागोच्या डॉक्टर ॲलिस बंकर स्टॉकहॅम (१८३३–१९१२) यांनी १८९६ च्या आपल्या पुस्तकात तो रूढ केला आणि ‘शब्दांनी व कृतीने माया व्यक्त करणे’ असा त्याचा अर्थ दिला. कल्पना मात्र त्याआधीची. न्यूयॉर्क राज्यात १८४८ मध्ये ओनायडा समुदाय ही धार्मिक सामूहिक वसाहत उभारणाऱ्या जॉन हम्फ्री नॉइज यांच्या पत्नीची सहा वर्षांत पाच बाळंतपणे झाली. त्यांतली चार अपुऱ्या दिवसांची, मुले न जगलेली. त्यानंतर प्रेमासाठीचा संग वेगळा आणि संततीसाठीचा वेगळा, अशी विभागणी नॉइज यांनी मांडली व १८७२ च्या पुस्तिकेत ती समजावून सांगितली. त्यांचा संयम, म्हणजे वीर्यस्खलन टाळणे, पुरुषापुरता होता. स्टॉकहॅम यांनी तो दोघांवर सारखा ठेवला आणि दोन समागमांमध्ये दोन ते चार आठवडे, जमल्यास त्याहून जास्त अंतर असावे असे सुचवले.

ही रीत भारतीय तंत्रमार्गातून अमेरिकेत गेली, असे लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते. वरवरचे साम्य आहे, हे खरे. हठयोगप्रदीपिकेच्या (सामान्यतः पंधरावे शतक) तिसऱ्या उपदेशात (प्रकरणात) वज्रोली मुद्रा सांगितली आहे, पण तिचा हेतू बिंदूचे (वीर्याचे) रक्षण व सिद्धी हा आहे. जोडीदाराविषयीच्या मायेला तेथे फारसे स्थान नाही. शिवाय नॉइज यांचा विचार त्यांच्या घरच्या बाळंतपणांतून पुरेसा उलगडतो, त्यासाठी भारतीय स्रोत गृहीत धरावा लागत नाही. दोन्ही प्रवाह स्वतंत्र मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

भारतीय आधार शोधायचाच, तर तो योगग्रंथांत नव्हे, कामशास्त्रात व काव्यशास्त्रात शोधावा. कामसूत्राचा काळ इ.स. तिसऱ्या शतकाच्या आगेमागे धरतात. त्याच्या दुसऱ्या अधिकरणाच्या शेवटच्या अध्यायात रतीनंतरचे वर्तन सांगितले आहे : नायकाने नायिकेच्या अंगाला स्वतः चंदन लावावे, गोड पदार्थ आधी आपण चाखून तिला द्यावेत, मग दोघांनी गच्चीवर चांदण्यात बसावे, आणि मांडीवर विसावून ती चंद्राकडे पाहत असता त्याने तिला अरुंधती, ध्रुव, सप्तर्षी दाखवावेत. धनंजयाच्या दशरूपक या नाट्यविषयक ग्रंथात (दहावे शतक) संभोगशृंगार म्हणजे परस्परांना अनुकूल अशा दोघांनी आनंदाने घेतलेला दर्शन-स्पर्शनादींचा उपभोग. म्हणजे नुसते पाहणेही ‘संभोगा’त मोडत होते. आजच्या मराठीत हा शब्द दवाखाना आणि कोर्टकचेरीपुरता आकसला आहे. करेझासाठी परका शब्द घ्यावा लागतो तो त्यामुळेही.

सातारा-सांगली परिसर : येथे ही रीत नावाने कोणी पाळत नाही. बोलीत ‘जवळ घेणं’, ‘कुशीत घेणं’, ‘जीव लावणं’ असे प्रयोग आहेत, आणि नवरा-बायकोच्या ओढीलाही ‘प्रेम’ यापेक्षा ‘माया’ हा शब्द सहज येतो. लिखित आधार तुटपुंजे आहेत. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे जन्मलेले पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्यासारख्यांनी गाजवलेल्या लावणीत शृंगार भरपूर आहे. पण लावणीचा एकूण कल आर्जव, रुसवा व विरह यांकडे, विसाव्याकडे कमी. जात्यावरच्या ओव्यांत माहेर आणि भाऊ जितके येतात तितका नवरा येत नाही.

खटाव-माणमधून मुंबईला गिरणीत वा माथाडी कामाला गेलेले, किंवा अपशिंगे (मिलिटरी) सारख्या गावातून फौजेत गेलेले पुरुष वर्षाकाठी थोडेच दिवस घरी असत. माणसांनी भरलेल्या घरात एकांत अवघड. चुलीपुढे बसलेल्या सुट्टीवरच्या माणसाच्या ताटात न विचारता पडलेली दुसरी भाकरी आणि ‘आवं, घ्या की’ एवढेच बोलणे. जवळीक बहुधा अशीच दिसे. अर्थात तिला करेझा म्हणणे ओढाताणीचे ठरेल.

वैद्यकीय बाजू : मास्टर्स व जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी लैंगिक अडचणींसाठी १९७० मध्ये मांडलेल्या उपचारात सुरुवातीला समागमच वर्ज्य करून केवळ स्पर्शाचे धडे दिले जातात, अपयशाची धास्ती त्याने कमी होते. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा संबंध स्पर्श व जिव्हाळ्याशी जोडतात. प्राण्यांवरील प्रयोगांत तो ठळक दिसतो, माणसांबाबतचे निष्कर्ष संमिश्र आहेत. संततिनियमनासाठी करेझावर विसंबू नये. वीर्यस्खलनापूर्वीच्या स्रावातही शुक्रजंतू असू शकतात.