मनगटावरचे कडे आणि सावकाश धावणारा चेतातंतू

दूर असलेल्या माणसाचा स्पर्श मनगटावर पोहोचवणाऱ्या कड्यांच्या जाहिराती हल्ली मोबाइलवर वारंवार दिसतात. एकाने आपल्या कड्यावर बोट टेकवले की दुसऱ्याच्या हातातले कडे थरथरते, एवढीच त्यातली करामत असते. जाहिरात मात्र तिला ‘मायेचा स्पर्श’ म्हणते. कोल्हापुरात राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत ज्या घरांतली मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात नोकरीला आहेत, त्या घरांना ही जाहिरात बरोबर भिडते, कारण व्हिडिओ कॉलवर नातवाचा चेहरा दिसतो, बोबडे बोलही ऐकू येतात, पण आजीला त्याच्या पाठीवरून हात फिरवता येत नाही. कड्याची थरथर त्या हाताची जागा घेऊ शकेल का, हे ठरवायचे तर आधी त्वचेत काय घडते ते पाहावे लागते.

शाळेत आपण स्पर्श हे एकच ज्ञान म्हणून शिकतो. प्रत्यक्षात त्वचेतून मेंदूकडे स्पर्शाच्या किमान दोन वेगळ्या वाटा जातात. पहिल्या वाटेवरचे चेतातंतू जाड असतात, त्यांच्यावर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचे आवरण असते आणि त्यांतून संदेश सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने धावतो. काय टोचले, कुठे टोचले, कापड खरखरीत आहे की मऊ, हे ते सांगतात. दुसऱ्या वाटेवरचे तंतू बारीक आणि विनाआवरणाचे असतात, आणि त्यांतला संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर सरकतो. म्हणजे हातावरून कोणी हात फिरवला, तर ‘स्पर्श झाला’ ही बातमी आधी पोहोचते आणि या सावकाश तंतूंचा संदेश जवळजवळ एका सेकंदाने मागाहून येतो. त्यांना सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात.

झॉटरमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये मांजरांमध्ये असे तंतू नोंदवले होते, परंतु माणसात ते शाबूत आहेत की नाहीत याविषयी पुढे कित्येक दशके शंका होती. ती फिटली ती स्वीडनमधील उप्साला येथे हागबार्थ आणि वाल्बो या संशोधकांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित केलेल्या तंत्रामुळे, ज्यात जाग्या माणसाच्या चेतेत केसासारखी बारीक सुई सरकवून एकेका तंतूतले विद्युतस्पंद ऐकता येतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात यंत्राला मऊ ब्रश जोडून तो स्वयंसेवकांच्या हातावरून वेगवेगळ्या वेगाने फिरवला गेला. वेगवान तंतूंचे वर्तन सरळ होते: ब्रशचा वेग वाढला की त्यांचे स्पंद वाढत. सावकाश तंतू मात्र सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या पट्ट्यातच जोमाने बोलत. ब्रश त्याहून हळू किंवा भरभर फिरला की ते मंदावत. ‘सर्वांत सुखद कधी वाटले?’ या प्रश्नावर स्वयंसेवकांनी दिलेली उत्तरेही त्याच पट्ट्यात येत होती. पुढे २०१४ मध्ये असेही दिसले की ब्रशचे तापमान ३२ अंश सेल्सिअस, म्हणजे त्वचेच्या तापमानाइतके असताना हे तंतू सर्वाधिक प्रतिसाद देतात. आई निजत्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवते, तो वेग आणि ती ऊब यांच्यासाठीच जणू हे तंतू जुळवलेले आहेत. तालमीत मेहनतीनंतर पैलवान एकमेकांचे अंग रगडतात, तेव्हा तो भक्कम दाब मुख्यतः जाड तंतूंवाटे कळतो. तेही सुख आहे, पण त्याची वाट निराळी आहे.

आता कड्याकडे वळू. मोबाइलमधल्यासारखी त्याची छोटी मोटर सेकंदाला साधारण दीडशे-दोनशे वेळा कंपन पावते, आणि अशी कंपने टिपणारे पॅसिनियन ग्राही आपला संदेश जाड तंतूंवाटे पाठवतात. सावकाश तंतूंना ती थरथर फारशी कळतच नाही. याचा सर्वांत ठोस पुरावा २००२ च्या एका अभ्यासातून मिळतो. त्यातल्या रुग्ण महिलेचे जाड तंतू आजारपणात निकामी झाले होते, सावकाश तंतू मात्र शाबूत होते. हातावरून फिरणारा ब्रश तिला अंधूक पण सुखद जाणवे, आणि त्या वेळी तिच्या मेंदूतील भावनांशी निगडित असलेला इन्सुला हा भाग उद्दीपित होई. कंपन मात्र तिला अजिबात जाणवले नाही. त्यामुळे आजचे कडे ‘तुझी आठवण आली’ असा निरोप देऊ शकते, आणि त्या निरोपाचे मोलही खरे आहे, पण त्याला मायेचा स्पर्श म्हणणे शरीरशास्त्राला धरून नाही.

स्पर्शाबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. हस्तस्पर्शाने ‘ऊर्जा’ सोडून रोग बरे करण्याचे दावे करणारे एकीकडे, आणि वीस सेकंद मिठी मारली की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढून सारे ताण विरतात असे संदेश पुढे ढकलणारे दुसरीकडे. रक्तातले ऑक्सिटोसिन मेंदूत सहजी शिरत नाही, इतकी साधी गोष्टही तिथे विसरली जाते. स्पर्शाला अशा आधारांची गरज नाही. कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटतात, हे भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. त्यात ऊब, स्तनपान आणि कमी जंतुसंसर्ग या सर्वांचा वाटा असू शकतो.

तांत्रिक अडचण कायम राहील असे मात्र नाही. त्वचेला ओळीने, एकामागून एक दाबणाऱ्या छोट्या कळांनी हात फिरत असल्याचा भास निर्माण करता येतो, आणि त्यांना ३२ अंशांची ऊब देणेही अशक्य नाही. मग उरतो तो मेंदूचा स्वतःचा निवाडा. २०१२ मधल्या एका प्रयोगात पुरुषांच्या पायावरून एकाच स्त्रीचा हात फिरत होता, परंतु त्यांना कधी स्त्रीची, तर कधी पुरुषाची चित्रफीत दाखवली गेली. तेव्हा स्पर्शाची प्राथमिक नोंद घेणाऱ्या मेंदूच्या भागाचा प्रतिसादसुद्धा ‘हात कोणाचा’ या समजुतीनुसार बदलला. गोड बोलणारे संवादी सॉफ्टवेअर आणि असा उबदार पट्टा एकत्र आले, तर एकाकी माणसाच्या मेंदूला चुकीचे नाव सांगणे फार सोपे होईल. म्हणून पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे की संगणक, हे वापरणाऱ्याला प्रत्येक वेळी स्पष्ट कळले पाहिजे, आणि ही अट अशी उपकरणे दुकानांत येण्याआधीच कायद्याने घातली गेली पाहिजे.