नाव डिंक, पण ही आहे राळ: कौरीची गोष्ट

माझ्या एका मैत्रिणीनं बाळाला दात येताना त्रास होऊ नये म्हणून ऑनलाइन एक माळ मागवली. मधाच्या रंगाचे मणी आणि सोबत एक कागद, त्यात लिहिलेलं की हा लाखो वर्षं जुना अंबर, म्हणजे दगडासारखी झालेली झाडाची राळ, आहे आणि त्यातलं सक्सिनिक ॲसिड अंगात मुरून वेदना ओढून घेतं. मी एका मण्यावर नेलपेंट काढायच्या ॲसिटोनचा थेंब टाकला, बोट लावलं तर मणी चिकट झालेला. बाल्टिक अंबर इतक्या पटकन चिकट होत नाही, कोपल होते, कोपल म्हणजे वयानं लहान असलेली राळ. बाकी वेदना ओढून घेण्याला काही पुरावा नाही, आणि असा मणी सुटून घशात अडकू शकतो, माळ गळ्याला आवळू शकते, त्यामुळे कोणाच्या बाळाच्या गळ्यात असेल तर आजच काढा.

पण कोपल म्हटलं की मला पहिली आठवते ती कौरी. न्यूझीलंडच्या उत्तर भागातला हा महाकाय वृक्ष, तिथल्या वाइपोउआच्या जंगलात 'ताने महुता' नावाची कौरी अजून उभी आहे. या झाडांची राळ हजारो वर्षं जमिनीत साठत गेली आणि १८५० ते १९५० या शंभर वर्षांत तिथल्या लोकांनी ती साधारण साडेचार लाख टन खणून बाहेर पाठवली. इंग्रजीत तिला गम म्हणतात म्हणून मराठीत सरळ डिंक लिहिलं जातं, तिथेच घोळ होतो. आपला लाडवातला बाभळीचा डिंक म्हणजे साखरेच्या रेणूंच्या साखळ्या, तो पाण्यात विरघळतो. कौरीतून येते ती राळ, पाण्याला ती दादच देत नाही, आणि ही सगळी इंडस्ट्री उभी राहिली ती या एका गुणावर.

आता माझा आवडता भाग, जरा धीरानं वाचा. झाडाला जखम झाली की राळ पातळ असते कारण तिच्यात टर्पेंटाइनसारखी उडून जाणारी द्रव्यं असतात, ती उडाली की राळ घट्ट होते. पण नुसतं सुकणं म्हणजे टिकणं नाही. या राळेत कम्युनिक ॲसिड नावाचा २० कार्बनचा रेणू भरपूर असतो आणि त्याच्या शेपटीत दोन दुहेरी बंध शेजारीशेजारी असतात. शाळेत शिकलोय ना, दुहेरी बंध म्हणजे एक हात मोकळा करून दुसऱ्याला धरता येतो. तर हे रेणू शेपटीशेपटीनं एकमेकांना धरत जातात आणि लांब साखळ्या तयार होतात, म्हणजे झाडानंच बनवलेलं पॉलिमर. या रेणूच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक दुहेरी बंध असतो, तो मात्र लगेच भाग घेत नाही, हजारो-लाखो वर्षांत हळूहळू संपत जातो. अवरक्त किरणांच्या चाचणीत त्याची खूण ८८८ या आकड्याजवळ दिसते, कौरीच्या राळेत ठळक आणि जुन्या अंबरात फिकी. त्याच राळेत अगॅथिक ॲसिडसारखे काही रेणू असे असतात की ते साखळीत शिरतच नाहीत, सुटेच राहतात. माझ्या ॲसिटोनच्या थेंबाखाली मणी चिकट झाला तो असल्या सुट्या रेणूंमुळे.

हे पॉलिमर जिवाणूंना सहजी खाता येत नाही, पाणी आत शिरत नाही, त्यात दलदलीत ऑक्सिजन कमी. म्हणून झाड पडलं, लाकूड कुजलं, त्यावर नवं जंगल आलं, तेही पडलं, आणि राळेचे गोळे मात्र खाली तसेच राहिले, काही ठिकाणी एकावर एक थर. माओरी लोक तिला कापिया म्हणायचे, चघळायचे, तिनं आग पेटवायचे, तिची काजळी गोंदणासाठी वापरायचे. युरोपातल्या कारखान्यांना ती हवी होती व्हार्निशसाठी. पण तेच पॉलिमर जवसाच्या तेलात विरघळत नाही, म्हणून आधी ती ३०० अंशांच्या आसपास तापवून साखळ्या तोडायच्या, बराचसा भाग धूर होऊन जायचा, मग गरम तेल घालायचं. इतर राळांपेक्षा कौरी कमी उष्णतेत तेलाशी जुळायची, म्हणून तिला मागणी. पुढे लिनोलियमच्या फरशांतही ती गेली.

खणायची पद्धत साधी होती. लाकडी मुठीची लांब लोखंडी सळई जमिनीत खुपसायची आणि टोकाला काय लागलं, दगड, लाकूड की राळ, ते हाताला ओळखू यायचं. मग फावडं. संध्याकाळी बायका-मुलं सुरीनं वरचं कवच खरवडत बसायची. १८९० च्या दशकात सुमारे २० हजार लोक या कामात होते, त्यातले ७ हजार पूर्णवेळ, आणि १८९९ साली निर्यात ११ हजार टनांच्या वर गेली.

इथे सरकार येतं. माओरी कुटुंबं आणि ब्रिटिश शेतकरी आधीपासून खणत होते, शेती बसेपर्यंत हातात रोख पैसा तिथूनच यायचा. मग डाल्मेशियाहून, म्हणजे तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या किनाऱ्यावरून, तरुण येऊ लागले. ते टोळीनं खणायचे, अख्खा पट्टा ओळीनं उलटायचे. तक्रार सुरू झाली की हे पैसे घेऊन परत जाणार. १८९३ आणि १८९८ मध्ये चौकशी आयोग बसले आणि १८९८ च्या कौरी गम इंडस्ट्री ॲक्टनं काही जमिनी ब्रिटिश प्रजाजनांसाठी राखून ठेवल्या, बाकीच्यांना परवाना लावला. १९१० पर्यंत तर परवानाच फक्त ब्रिटिश प्रजेला मिळू लागला. मला या कायद्यात खटकतं ते हे की त्याचा सगळा भर कोण खणतं यावर होता आणि किती उरलंय यावर नाही. हजारो वर्षांत जमलेला साठा कोणाच्याही फावड्यानं सारखाच संपतो. झाडांच्या बाजूनं एक निर्णय मात्र झाला, १९०५ मध्ये सरकारी जंगलांत जिवंत कौरीला चिरा पाडून राळ काढायला बंदी आली, कारण त्या जखमांनी झाडंच खराब होत होती.

डाल्मेशियनांपैकी बरेच जण परत गेलेच नाहीत, त्यांनी शेती केली, द्राक्षमळे लावले, वाईन बनवली. पुढे सिंथेटिक रेझिन आले आणि व्हार्निशवाल्यांनी कौरी सोडली. तरी एका मोजमापात तिचं नाव टिकून आहे, कौरी-ब्युटेनॉल मूल्य, सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारं द्रव, किती दमदार ते सांगणारा आकडा. कौरीची राळ ब्युटेनॉलमध्ये विरघळवायची, त्यात सॉल्व्हंट ओतत जायचा आणि द्रावण इतकं गढूळ झालं की खाली ठेवलेली छापील अक्षरं वाचता येईनात, की थांबायचं.

उरली जमीन. कौरीचा पाचोळा सावकाश कुजतो, त्यातली आम्लं पावसाबरोबर झिरपतात आणि लोह, ॲल्युमिनियम खाली वाहून नेतात, वर राहते पांढरी, निकस, सिलिकाची माती आणि तिच्याखाली पाणी अडवणारा कडक थर. खणणाऱ्यांनी झुडपं जाळून आणि खड्डे पाडून ती आणखी उघडी केली. ही जमीन शेतीत आणायला सरकार किती वर्षं झटलं, निचरा केला, सुपरफॉस्फेट टाकलं, आणि बराच भाग कुरणं होऊनही गेला. जो तुकड्यातुकड्यांनी उरलाय त्यात मानुकाची झुडपं, ऑर्किड आणि दवबिंदू नावाचं कीटक खाणारं रोपटं उगवतं, आणि आज न्यूझीलंडमध्ये गमलँड, म्हणजे अशी कौरीच्या राळेची निकस जमीन, ही अतिसंकटग्रस्त परिसंस्था मानली जाते.