मोडेमातली रांग

पिंपळनेरला माझ्या मावसभावाचा फोटो स्टुडिओ आहे. खाली दुकान, वर घर. लग्नसराईत रात्री आठ वाजले की तो दिवसभराचं शूटिंग नाशिकच्या अल्बमवाल्याला पाठवायला बसतो आणि वर पुतणीचा ऑनलाइन क्लास बुडतो. सरांचा चेहरा गोठतो, आवाज तुटतो. गेल्या उन्हाळ्यात गेलो, तर मावशीने पाण्याच्या तांब्याबरोबरच तक्रार हातात दिली, "नेट ते शे, पन चालत नही."

मावशीचं निदान बरोबर होतं. लाइन 20 एमबीपीएस (सेकंदाला 20 मेगाबिट) अपलोडची, आणि तेवढा वेग मिळतही होता. लॅपटॉपवर पिंग लावून पाहिलं. घर शांत असताना पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, जाऊन परत यायला 12 मिलिसेकंद. खाली अपलोड सुरू झालं की तोच आकडा नऊशेच्या वर. वेग तोच, पण वाट पाहणं पंचाहत्तर पट वाढलेलं.

हा वेळ जातो कुठे? स्टुडिओतला संगणक राऊटरकडे गिगाबिटने माल ओततो, बाहेरचा रस्ता 20 एमबीपीएसचा. मधल्या मोडेममध्ये बफर असतो, म्हणजे पॅकेटांची प्रतीक्षाखोली. 1500 बाइटचं एक पॅकेट या लाइनवरून बाहेर पडायला 0.6 मिलिसेकंद घेतं. पुढे दीड हजार पॅकेटं उभी असतील तर मागच्याचा नंबर 900 मिलिसेकंदांनी लागतो. पुतणीच्या आवाजाचं इवलंसं पॅकेट लग्नाच्या व्हिडिओमागे ताटकळत उभं. या दुखण्याला संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी 2010 च्या सुमारास 'बफरब्लोट' नाव दिलं. मेमरी स्वस्त झाली, तसे बनवणाऱ्यांनी बफर मोठे केले. एकही पॅकेट गळू नये हा हेतू चांगला होता, पण गळणं हीच खूण असते. पॅकेट गळालं की पाठवणारा समजतो, पुढे कोंडी आहे, आणि हात आखडता घेतो. ती खूणच मिळेना, मग तो ओततच राहतो.

पिंपळनेरसारख्या पांझरा नदीकाठच्या माणसाला यावरचा उपाय समजावून सांगावा लागत नाही. इथली फड पद्धत शेकडो वर्षांची. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि कुणाच्या शेताला किती वेळ पाणी हे पाहणारा पाटकरी. चारीत मावेल त्याहून जास्त पाणी तोंडाशी सोडलं तर चारी फुटते. म्हणून पाणी अडवायचं ते तोंडाशीच. मोडेमच्या रांगेवर आपली सत्ता नाही, राऊटरच्या रांगेवर आहे. मग राऊटरलाच सांगायचं, 20 ऐवजी 18 नेच सोड. मोडेम कधी भरतच नाही. रांग आपल्या दारात लागते आणि तिथे कुणाला पुढे घ्यायचं ते आपण ठरवतो. यालाच ट्रॅफिक शेपिंग म्हणतात.

राऊटर हा वेग मोजतो तो टोकनांवर. एक बादली समजा, तिच्यात ठरलेल्या वेगाने टोकनं पडत राहतात. जेवढे बाइट जायचे तेवढी टोकनं खर्च. बादली रिकामी झाली तर थांबा. बादलीचा आकार म्हणजे बर्स्ट, आणि लोक चुकतात ते इथे. बादली फार मोठी ठेवली की साचलेल्या टोकनांवर एकदम लोंढा सुटतो आणि मोडेम पुन्हा तुंबतो. फार लहान ठेवली तर ठरलेला वेगच गाठता येत नाही. राऊटरचं घड्याळ दर 4 मिलिसेकंदांनी टिकटिकत असेल, तर तेवढ्या वेळात 20 एमबीपीएसने 10 किलोबाइट जातात. बादली त्याहून लहान असली तर घड्याळाच्या दोन ठोक्यांमध्ये लाइन रिकामी बसून राहते.

मी चुकलो ते मात्र बादलीत नाही, एककात. राऊटरमधल्या लिनक्सच्या, वेग बांधून देणाऱ्या टीसी या आज्ञेत 'केबिट' म्हणजे किलोबिट, पण 'केबीपीएस' म्हणजे किलोबाइट, आठपट मोठं. सवयीने 18000 पुढे केबीपीएस लिहिलं, म्हणजे चक्क 144 एमबीपीएस! शेपर चालू होता, पण अडवायला काहीच नव्हतं. अर्धा तास मी मोडेमला शिव्या देत बसलो.

एकक सुधारलं आणि त्या रांगेवर एफक्यू-कोडेल हा रांग सांभाळणारा प्रोग्राम बसवला. कोडेल ही कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या नेटवर्कतज्ज्ञांची 2012 ची करामत. तो रांगेची लांबी मोजत नाही. पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे ते पाहतो. 100 मिलिसेकंद उलटले तरी ताटकळणं 5 मिलिसेकंदांच्या खाली येत नसेल, तर एखादं पॅकेट मुद्दाम टाकून देतो. पाटकरी असलं कधी करणार नाही. पाण्याचा थेंब टाकायचा म्हटलं तर गाव मारायला उठेल. 'एफक्यू' भागामुळे प्रत्येक संभाषणाची रांग वेगळी, त्यामुळे पुतणीचं पॅकेट व्हिडिओच्या बाजूने निघून जातं. पिंग पंधरा-वीसवर आला.

डाउनलोडला हे इतकं सरळ लागू होत नाही. तिथे अरुंद जागा आपल्या आधी असते. आपण पॅकेटं टाकून पलीकडच्याला फक्त इशारा देऊ शकतो, म्हणून तिथे थोडी जास्त कपात सोसावी लागते.

भावाने मात्र हिशेब लावला. 8 जीबीच्या लग्नाला आधी 53 मिनिटं लागायची, आता 59. त्याच्या आग्रहाखातर 19.9 करून पाहिलं, तर पिंग पुन्हा चढला. शिवाय रात्री नऊनंतर लाइनच 15 वर घसरते. तेव्हा 18 चा आकडा काय कामाचा, रांग परत मोडेमात जाते. शेवटी रात्री नऊ ते अकरा 14, इतर वेळी 18, असं वेळापत्रक लावून दिलं. वाढलेल्या मिनिटांचं भाडं कोण देणार, हे तो अजून विचारतो.