फ्रॅक्टल मिती व एन्ट्रॉपी

एखादी आकृती किंवा घटनांची मालिका किती गुंतागुंतीची आहे, हे आकड्यात सांगणारी दोन मापे. आकृती कोणकोणत्या जागी पोचते हे फ्रॅक्टल मिती पाहते. त्या जागांमध्ये ऐवजाची वाटणी कशी झाली आहे हे एन्ट्रॉपी पाहते. पहिल्या मापाला आधी भिडलेले बरे.

गोव्याचा किनारा १०५ किमी, असे शाळेत पाठ केलेले असते. कोणत्या प्रमाणाच्या नकाशावर, हे मात्र कोणी सांगत नाही. भारताचा किनारा कित्येक दशके सुमारे ७,५१६ किमी धरला जाई. १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशांवरून फेरमोजणी झाली तेव्हा तो ११,०९८ किमी भरला. मोजपट्टी आखूड केली की लांबी वाढते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी दाखवले होते. त्याचा धागा पकडून गणिती बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये किनाऱ्यांना अपूर्णांकी मिती (सरळ रेषेची १ आणि पृष्ठभागाची २ यांच्या मधली) दिली: ब्रिटनचा पश्चिम किनारा सुमारे १.२५, दक्षिण आफ्रिकेचा १.०२.

मोजायची रीत सोपी आहे. नकाशावर चौकटींची जाळी टाकायची, किनारा किती चौकटींतून जातो ते मोजायचे, मग चौकटीची बाजू निम्मी करून पुन्हा मोजायचे. चौकटी दुप्पट झाल्या तर मिती १, चौपट झाल्या तर २. गोव्याच्या साष्टी तालुक्यात माजोर्डा, कोळवा ते मोबोर अशी सरळसोट वाळू. तिथे चौकटी जेमतेम दुप्पट होतात, म्हणून मिती १ च्या आसपास राहते. पणजीच्या तिसवाडी तालुक्याकडे वळले की मांडवी, झुवारी या नद्या, त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा, चोडण-दिवाडीची बेटे, खारफुटी आणि खाजनांचे (खाडीकाठच्या सखल शेतजमिनींचे) बांध लागतात, आणि चौकटी दुपटीहून अधिक भरू लागतात. रेषा भरतीची धरायची की ओहोटीची, मानशीच्या (बांधातल्या पाणी अडवणाऱ्या दाराच्या) आतले पाणी मोजायचे की सोडायचे, हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवता मिती दशांशचिन्हापुढे तीन स्थळांपर्यंत छापणे ही नुसती हौस.

अशी निघालेली मिती म्हणजे ‘चौकट-मिती’. या मोजणीत चौकटीतून किनारा एकदा गेला काय आणि दहा वळणे घेऊन गेला काय, ती एकच धरली जाते. एन्ट्रॉपी इथे उपयोगी पडते. माहिती-सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या व्याख्येनुसार प्रत्येक चौकटीचा वाटा लक्षात घेऊन अनिश्चितता बिटांत (हो-नाही प्रश्नांच्या एककात) काढतात. बाजू निम्मी केल्यावर एन्ट्रॉपी शेवटी दर खेपेस जितक्या बिटांनी वाढत राहते, तितकी ‘माहिती-मिती’. थोडक्यात, ही मिती म्हणजे एन्ट्रॉपीच्या वाढीचा दर. वाटणी सारखी असेल तर ती चौकट-मितीएवढी येते. चौकट-मितीच्या वर ती कधीच जात नाही. हंगेरियन गणिती आल्फ्रेड रेनी यांनी पुढे एन्ट्रॉपीचे अख्खे कुटुंबच मांडले. त्यातून मितींचीही मालिका मिळते आणि चौकट-मिती व माहिती-मिती तिचेच सदस्य ठरतात.

उदाहरणार्थ, कँटर संचात रेषाखंडाचा मधला तिसरा भाग पुन्हा पुन्हा काढून टाकतात. त्याची चौकट-मिती ०.६३. आता प्रत्येक टप्प्यावर डावीकडे ९० टक्के आणि उजवीकडे १० टक्के वस्तुमान ठेवले, तर संच तोच राहतो, पण माहिती-मिती ०.३० वर घसरते.

पावसाचे तसेच. पाऊस कोणकोणत्या क्षणी पडला एवढेच टिपले तर चौकट-मिती मिळते. किती मिलिमीटर पडला हे धरले तर माहिती-मिती. आषाढात दिवसभर रिपरिप आणि मध्ये तासभर मुसळधार असली, की दोन्हींत फट पडते. ही फटच बहुधा कुठल्याही एका आकड्यापेक्षा अधिक सांगते.

एन्ट्रॉपी जास्त म्हणजे गुंतागुंत जास्त, असे मात्र नव्हे. निव्वळ यादृच्छिक गोंगाटाची एन्ट्रॉपी सर्वाधिक असते, पण त्यात रचना काहीच नसते. शिवाय नोंदी मर्यादित असतील तर चौकटी फार बारीक केल्यावर प्रत्येकीत एकेकच बिंदू उरतो, एन्ट्रॉपी वाढायची थांबते आणि मिती खोटीच शून्याकडे झुकते. म्हणून चौकट बारीक होताना एन्ट्रॉपी कशी वाढते याचा आलेख काढून, त्याच्या मधल्या, सरळ पट्ट्याचाच उतार मिती म्हणून घ्यायचा.