"आता घरी न्या, सेवा करा" या वाक्यामागची गोष्ट

ज्या घरात कॅन्सर येऊन गेलाय तिथे हे वाक्य कुणीतरी ऐकलेलं असतंच. आमच्याकडे ते 2003 साली आत्याच्या वेळी ऐकलं. डॉक्टर म्हणाले आता केमोचा उपयोग नाही, घरी न्या, सेवा करा. बाबांना वाटलं यांनी हात वर केले. आणि आत्याला तर शेवटपर्यंत अल्सर म्हणूनच सांगितलेलं, ती बिचारी फक्त म्हणायची की एक रात्र नीट झोप लागू दे रे. म्हणजे बघा, उपयोग हा एकच शब्द, पण डॉक्टरांसाठी त्याचा अर्थ गाठ कमी होणं, बाबांसाठी माणूस जगणं, आणि आत्यासाठी झोप.

हे तिघं असे तीन दिशांना का उभे राहतात ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

1931 मध्ये लेडी मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, आणि पुढे टाटा ट्रस्टच्या पैशातून 28 फेब्रुवारी 1941 ला परळला टाटा मेमोरियल उभं राहिलं. त्या काळी हातात मुख्यतः दोनच गोष्टी, ऑपरेशन आणि शेक, म्हणजे रेडिएशन. त्यामुळे मदत म्हणजे गाठ काढणं किंवा जाळणं, ते जमलं नाही तर डॉक्टरांकडे पुढे देण्यासारखं फारसं काही नसायचं, आणि म्हणूनच सांगायचंही टाळलं जायचं. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही हं. अमेरिकेत 1961 च्या एका पाहणीत जवळपास 90 टक्के डॉक्टर म्हणाले होते की आम्ही पेशंटला कॅन्सर आहे असं शक्यतो सांगत नाही. 1979 मध्ये तसाच प्रश्न परत विचारला तर 97 टक्के म्हणाले सांगतो! 18 वर्षांत उपचार सुधारले आणि पेशंटच्या हक्काची भाषा आली. आपल्याकडे मात्र निर्णय घराचा असतो, मोठा मुलगा आधी केबिनमध्ये जातो आणि पहिलं वाक्य हेच, डॉक्टर त्यांना सांगू नका, धसका घेतील. यात माया आहे हे मला पूर्ण मान्य आहे, पण ज्याला माहीतच नाही तो काय हवंय ते मागणार कसं?

आता दुखण्याचं. 1967 मध्ये लंडनला सिसली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, हॉस्पिस म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत सेवा करणारी जागा. त्यांचं म्हणणं होतं की दुखणं फक्त शरीराचं नसतं, मनाचं, घरच्यांच्या काळजीचं, पैशाचं सगळं मिळून एकच दुखणं असतं. मुंबईत 1986 मध्ये टाटातले सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन काढलं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्या ठरवून दिल्या, आधी साधी गोळी, मग कोडीनसारखं औषध, आणि तरी थांबलं नाही तर मॉर्फिन, अफूपासून बनणारं जोरदार वेदनाशामक. पण आपल्याकडे 1985 मध्येच अमली पदार्थांचा कायदा आला होता, एवढे परवाने आणि एवढी कडक शिक्षा की हॉस्पिटलं आणि औषधवाले मॉर्फिन ठेवायलाच घाबरायला लागले. म्हणजे मध्य प्रदेश, राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि इथे पेशंट रात्रभर कण्हतोय. केरळात कालिकतला 1993 पासून डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर काम उभं केलं, तरी कायदा सुधारायला 2014 उजाडलं, तेव्हा कुठे अनेक परवान्यांऐवजी एकाच परवान्यावर मॉर्फिन ठेवता यायला लागलं. आत्याच्या वेळी आम्हाला मॉर्फिनचं नावसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं, याचा मला अजून त्रास होतो.

नातेवाइकांना विचारलं तर उत्तर वेगळंच येतं. परळच्या फूटपाथवर कपडे वाळत घालून राहिलेली घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना माहीत आहे, लातूर-नांदेडहून आलेल्याला पहिला प्रश्न औषधाचा नसतो, रात्री पाठ कुठे टेकायची हा असतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर समितीचं रुग्णसेवा सदन, लहान मुलांसाठी 2006 पासून सेंट ज्यूडची केंद्रं, हे सगळं मला उपचाराचाच भाग वाटतं, कारण राहायची सोय नाही म्हणून अर्ध्यात ट्रीटमेंट सोडून गावी परतणारे असतातच.

डॉक्टरांच्या बाजूनेही विचार बदललाय, त्यात 2010 चा बोस्टनचा अभ्यास महत्त्वाचा. फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 151 पेशंटपैकी निम्म्यांना पहिल्यापासूनच नेहमीच्या उपचारासोबत पॅलिएटिव्ह टीमही दिली, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करायला बघणारे डॉक्टर-नर्स. ते कमी उदास राहिले, शेवटी शेवटी त्यांच्यावर जड उपचारांचा मारा कमी झाला, आणि तरी जास्त जगले, साधारण 11.6 महिने विरुद्ध 8.9. म्हणजे सेवा ही उपचार संपल्यावर करायची गोष्ट नाहीच मुळात.

मग 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने लिव्हिंग विल मान्य केलं, 2023 मध्ये त्याची किचकट पद्धत सोपी केली, म्हणजे शेवटी मला काय नको हे पेशंट स्वतः लिहून ठेवू शकतो. आमच्या शेजारच्या काकांनी लिहिलंबिहिलं काही नाही, पण गेल्या वर्षी केबिनमध्ये त्यांनीच मुलाला म्हटलं, तू जरा बाहेर बस, मला डॉक्टरांशी बोलायचंय. पाच आठवडे घरीच होते मग, मॉर्फिनच्या गोळ्या वेळेवर, आणि दुपारी मस्त झोपायचे.