पडदा पडल्यानंतरचं घर : लोरेन हॅन्सबेरीच्या नाटकामागचा इतिहास

'अ रेझिन इन द सन' या नाटकाच्या शेवटी यंगर हे कृष्णवर्णीय कुटुंब शिकागोच्या साउथ साइडमधलं कोंदट बिऱ्हाड सोडून गोऱ्यांच्या वस्तीत घेतलेल्या घराकडे निघतं. सामान बाहेर पडतं, पडदा पडतो आणि प्रेक्षक सुखावतात. ११ मार्च १९५९ ला नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर आलं, तेव्हापासून अनेकांनी ते सुखान्त म्हणूनच पाहिलं. नाटकाची कृष्णवर्णीय लेखिका लोरेन हॅन्सबेरीला हे कधीच मान्य नव्हतं. नाटक जिथे संपतं, तिथूनच पुढचं तिने लहानपणी भोगलं होतं.

त्या काळी शिकागोत घरमालक आपसात करार करत: हे घर काळ्या माणसाला विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. न्यायालयंही हे करार मानत. त्यामुळे दक्षिणेतल्या राज्यांतून कामधंद्यासाठी आलेली हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं शहराच्या एका पट्ट्यातच कोंबली गेली. मोठ्या घरांचे तुकडे पाडून एकेका खोलीत एकेक संसार थाटला जाई, संडास सामायिक. लोरेनचे वडील कार्ल हॅन्सबेरी याच धंद्यात होते. अशा खोल्या भाड्याने देऊन त्यांनी चांगला पैसा कमावला. म्हणजे यंगर कुटुंबासारखी माणसं तिच्या वडिलांची भाडेकरू होती. सुखवस्तू घरातल्या मुलीने लेखणी भाडेकरूंच्या बाजूने चालवली, हे मला फार मोलाचं वाटतं.

१९३७ मध्ये कार्ल यांनी अशाच करारात अडकलेल्या वस्तीत घर घेतलं. लोरेन तेव्हा सात वर्षांची. घराभोवती जमाव जमला, खिडकीतून दगड भिरकावला गेला, ती थोडक्यात बचावली. शाळेच्या वाटेवर मुलांवर लोक थुंकत, शिव्या देत, मारत. वडील कोर्टकचेरीत गुंतलेले, आणि आई नॅनी भरलेलं जर्मन पिस्तूल हातात धरून रात्रभर घरात पहारा द्यायची. पुढे १९६४ मध्ये एका पत्रात लोरेनने हे सगळं लिहिलं. वडिलांच्या वाट्याला लढाईचा प्रतिष्ठित भाग आला, असं तिने त्यात म्हटलं आहे. तो शब्द आईच्या पहाऱ्याशेजारी ठेवून वाचावा.

या घराच्या करारावरून उभा राहिलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर १९४० मध्ये हॅन्सबेरी जिंकले. पण कशावर? करार लागू व्हायला ९५ टक्के मालकांच्या सह्या हव्या होत्या, प्रत्यक्षात सुमारे ५४ टक्केच होत्या. आधीच्या एका खटल्यात ही अट पुरी झाल्याचं गृहीत धरलं गेलं होतं. तो निकाल हॅन्सबेरींवर बंधनकारक नाही, एवढंच न्यायालय म्हणालं. असे करार मुळात योग्य की अयोग्य, या प्रश्नाला त्याने हातच घातला नाही. न्यायालयांनी ते अमलात आणायचे नाहीत, हे ठरायला १९४८ उजाडलं. कार्ल तोवर हयात नव्हते. अमेरिकेला कंटाळून मेक्सिकोत बिऱ्हाड हलवण्याच्या तयारीत असताना १९४६ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

लोरेन विस्कॉन्सिन विद्यापीठ अर्धवट सोडून १९५० मध्ये न्यूयॉर्कला आली आणि कृष्णवर्णीय गायक, नट आणि कार्यकर्ते पॉल रोबसन यांच्या 'फ्रीडम' या वृत्तपत्रात काम करू लागली. रोबसन यांना सरकारने पासपोर्ट नाकारला, म्हणून १९५२ मध्ये उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओच्या शांतता परिषदेला त्यांच्या जागी ती गेली. परतल्यावर तिचाही पासपोर्ट गेला. एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेची नजर तिच्यावर पुढेही राहिली. 'रेझिन' ब्रॉडवेवर येण्याआधी फिलाडेल्फियात त्याचे प्रयोग चालू होते, तेव्हा त्यात साम्यवाद शोधायला त्यांचा माणूस प्रेक्षागृहात बसला होता.

त्याच नाटकाचे पुढे ब्रॉडवेवर ५३० प्रयोग झाले. ब्रॉडवेवर कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेलं हे पहिलं नाटक. लॉइड रिचर्ड्स हे दिग्दर्शक, सिडनी पॉटिए प्रमुख भूमिकेत. यशाने ती मवाळ झाली नाही. मे १९६३ मध्ये लेखक जेम्स बाल्डविन यांच्यासोबत ती अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना भेटली. दक्षिणेत मार खाऊन आलेला नागरी हक्क चळवळीतला तरुण कार्यकर्ता जेरोम स्मिथ तिथे होता. ऐकायचं असेल तर या माणसाचं ऐका, असं तिने केनेडींना सुनावलं आणि शेवटी बैठकीतून उठून गेली. दुसरं नाटक, 'द साइन इन सिडनी ब्रुस्टीन्स विंडो', ऑक्टोबर १९६४ मध्ये आलं. १२ जानेवारी १९६५ ला कर्करोगाने ती गेली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी.

'रेझिन'मधला एक प्रवेश १९५९ च्या प्रयोगात गाळला होता, नंतरच्या आवृत्त्यांत तो परत आला. शेजारीण मिसेस जॉन्सन वर्तमानपत्र घेऊन येते. गोऱ्यांच्या वस्तीत राहायला गेलेल्या एका काळ्या कुटुंबावर बाँब टाकल्याची बातमी त्यात असते. नाटक बसवणाऱ्यांनी लांबीच्या सबबीखाली हा प्रवेश कापू नये. तो ऐकल्यावरच यंगर कुटुंबाची आई लीना (नाटकातली 'मामा'), तिचा मुलगा वॉल्टर, सून रूथ आणि छोटा नातू ट्रॅव्हिस नेमके कुठे निघालेत हे प्रेक्षकाला कळतं.