दीड इंचाचं दार

अमेरिकेच्या पूर्व भागात गावाबाहेरच्या माळांवर, कुरणांच्या कुंपणांशी, गोल्फच्या मैदानांच्या कडेला लोखंडी खांबांवर ठोकलेली लाकडी खोकी दिसतात. समोरच्या बाजूला एकच गोल भोक असतं, त्याचा व्यास दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर. न्यू जर्सीतल्या किंवा नॉर्थ कॅरोलायनातल्या एखाद्या मराठी घराच्या मागच्या अंगणातही असं खोकं असू शकतं. ते ब्लूबर्डसाठी असतं आणि त्या दीड इंचामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

ईस्टर्न ब्लूबर्ड हा जेमतेम ३० ग्रॅम वजनाचा पक्षी. नराची पाठ गडद निळी, छाती विटकरी. (पिसांत निळं रंगद्रव्य मुळीच नसतं. पिसातल्या अतिसूक्ष्म रचनेमुळे प्रकाश असा विखुरतो की आपल्याला फक्त निळा दिसतो.) हा पक्षी ढोलीत घरटं करतो, पण त्याच्या चोचीत लाकूड कोरण्याची ताकद नाही. सुतारपक्ष्याने खोदून सोडून दिलेली किंवा लाकूड कुजून तयार झालेली ढोली शोधायची, एवढंच त्याच्या हाती. आपल्याकडे दयाळ, साळुंकी, पिंगळा यांचीही हीच गत. दुसऱ्याने कोरलेल्या घरात राहणाऱ्या पक्ष्यांची संख्या अन्नापेक्षा बऱ्याचदा जागेमुळे अडते.

अमेरिकेत ही जागा दोन्हीकडून आक्रसत गेली. वठलेली झाडं आणि जुन्या फळबागा तोडल्या गेल्या, कुंपणाच्या लाकडी खांबांच्या जागी लोखंडी खांब आले. त्याच काळात युरोपातून दोन भाडेकरू येऊन दाखल झाले. १८५१च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये घरचिमण्या आणल्या गेल्या. झाडांवरच्या अळ्या त्या खातील, ही अपेक्षा होती. १८९० आणि १८९१ साली युजीन शिफेलिन नावाच्या गृहस्थाने सेंट्रल पार्कमध्ये शंभरेक युरोपियन स्टारलिंग सोडले. स्टारलिंग म्हणजे आपल्या साळुंकीचा भाऊबंद. दोन्ही पक्षी ढोल्यांमध्ये राहणारे, दोन्ही भांडखोर, आणि दोन्ही खंडभर पसरले.

स्टारलिंगचा बंदोबस्त सोपा निघाला. तो अंगाने मोठा, त्यामुळे दीड इंचाच्या भोकातून त्याला आत शिरता येत नाही. ब्लूबर्ड मात्र सहज शिरतो. पश्चिमेकडच्या माउंटन ब्लूबर्डला थोडं मोठं, सुमारे ४० मिलिमीटरचं भोक लागतं. भोक घासून किंवा खारीने कुरतडून रुंद झालं तर त्यावर धातूची पट्टी बसवतात.

चिमणीचं तसं नाही. तिला सव्वा इंचही पुरतं. ब्लूबर्ड आत जाईल आणि चिमणी बाहेर राहील, असं भोकाचं मापच नाही. लहानपणी गोष्टीतल्या चिऊताईचं दार कावळ्याने ठोठावलेलं आपण ऐकलं. इथे ती न ठोठावता दुसऱ्याच्या घरात घुसते. नर चिमणा खोक्यात बसलेल्या ब्लूबर्डच्या डोक्यावर चोचीने प्रहार करून त्याला ठार मारतो, अंडी फोडतो, पिल्लं मारतो आणि कधी त्या मेलेल्या पक्ष्यावरच आपलं घरटं रचतो. चिमण्या वाचाव्यात म्हणून नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेने २०१०पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन सुरू केला, आपण गॅलरीत चिमण्यांसाठी खोकी टांगतो. तीच जात तिकडे खोक्यातून हुसकावली जाते. यात विसंगती काही नाही. पक्षी चांगला की वाईट, हा प्रश्नच तिथे नाही. तो कुठून आला आणि कुणाची जागा घेतो, एवढंच पाहायचं.

कायदाही तसाच आहे. १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली तिथल्या स्थानिक पक्ष्यांची अंडी, पिल्लं, वापरात असलेली घरटी यांना हात लावणं गुन्हा आहे. घरचिमणी आणि स्टारलिंग यांना हे संरक्षण नाही. म्हणून खोक्यात काय आहे ते ओळखता येणं हे या कामातलं पहिलं कौशल्य. बारीक वाळलेलं गवत किंवा पाइनची सुयांसारखी पानं आणि त्यात नेटकी वाटी असेल तर ब्लूबर्ड. गवतावर पांढरी पिसं अंथरलेली असतील तर ट्री स्वॉलो. तळाला हिरवं शेवाळ, वर केसांची मऊ गादी, तर चिकाडी. काटक्यांचा भारा छपरापर्यंत, तर हाउस रेन. हा टीचभर पक्षी इतरांची अंडी टोचून फोडतो, पण तो स्थानिक आहे, त्यामुळे त्याच्या विणीच्या घरट्याला हात लावता येत नाही. आणि गवत, कागद, प्लॅस्टिक, पिसं असा सगळा पसारा घुमटासारखा रचलेला असेल तर ती चिमणी.

मग घरटं काढून टाकायचं? नवखे लोक तेच करतात आणि पस्तावतात. नर चिमणा मादीपेक्षा जागेला जास्त चिकटलेला असतो. घरटं उपटलं की तो पुन्हा बांधतो, आणि कधी शेजारच्या खोक्यातल्या ब्लूबर्डवर राग काढतो. त्यामुळे अनुभवी माणसं चिमणीचं घरटं राहू देतात आणि अंडी फक्त निकामी करतात. मादी उबवत बसते, नर शांत राहतो. काही जण चिमण्या सापळ्यात पकडतात. ब्लूबर्डने पहिलं अंडं घातल्यावर खोक्याच्या छपरावर चकचकीत पट्ट्या लोंबकळत्या बांधण्याचा एक उपायही आहे. चिमणी त्यांना बिचकते. ब्लूबर्डची मादी अंड्यांच्या ओढीने येतच राहते. अंडं घालण्याआधी पट्ट्या लावल्या तर मात्र तीही निघून जाऊ शकते. माझ्या मते यापेक्षा शहाणपणाचा उपाय जागेचा आहे. खोकं गोठ्यापासून, इमारतींपासून लांब, मोकळ्या गवताळ जागेत लावायचं आणि जवळपास बाजरीसारखं स्वस्त धान्य टाकायचं नाही. चिमणी माणसाच्या आसपासच रमते.

ट्री स्वॉलोशी स्पर्धा वेगळ्या प्रकारची. तोही स्थानिक, त्याला हाकलणं बेकायदेशीर. पण प्रत्येक जात आपल्याच जातभाईंना आपल्या हद्दीतून पिटाळते, परजातीच्या शेजाऱ्याला बरंच सहन करते. म्हणून दोन खोकी १५-२० फुटांच्या आत जोडीने लावतात. एकात स्वॉलोची जोडी बसली की ती दुसऱ्या स्वॉलोंना जवळ येऊ देत नाही, आणि दुसरं खोकं ब्लूबर्डसाठी रिकामं राहतं. ब्लूबर्डच्या दोन जोड्यांमध्ये मात्र सुमारे ३०० फूट अंतर लागतं.

खोकं साधं असावं. पाऊण इंच जाडीच्या, रसायन न लावलेल्या फळ्या, तळाला पाणी निथळायला भोकं, वर हवा खेळायला फटी, पुढे आलेलं छप्पर, उघडता येणारी एक बाजू. भोकाखाली आतल्या बाजूला आडव्या खाचा पाडतात, म्हणजे पिल्लांना वर चढता येतं. भोकाखाली बसायला काठी लावलेली शोभेची खोकी दुकानांत मिळतात, ती घेऊ नयेत. ब्लूबर्डला काठी लागत नाही, चिमणीला सोयीची पडते. खोकं झाडावर ठोकणंही चुकीचं, कारण साप, रॅकून आणि मांजर झाड चढतात. गुळगुळीत लोखंडी खांब आणि खोक्याखाली त्याला वेढणारा रुंद पत्र्याचा नळकांडा लावला की बहुतेक चोर खालीच अडकतात.

मादी रोज एक याप्रमाणे चार-पाच निळसर अंडी घालते. सगळी झाल्यावरच उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं जवळजवळ एकदम बाहेर येतात. उबवण्याला १२ ते १४ दिवस, पिल्लं उडायला आणखी अडीच आठवडे. आठवड्यातून एकदा खोकं उघडून पाहतात. आधी बाजूला हलकेच टकटक करायची, म्हणजे मादी उडून जाते. माणसाचा वास लागला की आई पिल्लांना टाकते, ही समजूत खोटी आहे. पिल्लं १२-१३ दिवसांची झाली की मात्र दार उघडायचं नाही. तेव्हा घाबरून ती वेळेआधी बाहेर उड्या मारतात आणि जमिनीवर मांजरांच्या तोंडी जातात. त्याआधीच्या पाहणीत घरट्याचा तळ तपासतात. ब्लोफ्लाय माशीच्या अळ्या दिवसा तिथे लपतात आणि रात्री पिल्लांचं रक्त पितात. फार झाल्या तर जुनं घरटं काढून तसंच कोरड्या गवताचं नवं ठेवतात. पालक ते बिनतक्रार स्वीकारतात.

हे सगळं संघटितपणे सुरू झालं ते १९३०च्या दशकात. इलिनॉयमधल्या क्विन्सीचे थॉमस मसलमन यांनी १९३४पासून रस्त्याकडेने खोक्यांची रांगच लावली. पुढे मेरीलँडचे लॉरेन्स झेलेनी यांनी या कामाला देशव्यापी रूप दिलं आणि १९७८ मध्ये नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी उभी राहिली. १९६६ पासून चालू असलेल्या पक्षीगणनेत ईस्टर्न ब्लूबर्डची संख्या वाढत गेलेली दिसते. बर्म्युडा बेटावर तर हा पक्षी जवळपास पूर्णपणे खोक्यांवरच जगतो, कारण तिथली सीडरची झाडं १९४०च्या दशकात आलेल्या खवले किडीने गेली.

हंगाम संपला की जुनी घरटी खरवडून काढतात, पण खोकी उतरवत नाहीत. कडाक्याच्या थंडीत बरेच ब्लूबर्ड एकाच खोक्यात दाटीवाटीने रात्र काढतात. छपराची गळती, सैल झालेले खिळे, वाकलेला पत्रा हे सगळं फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नीट झालेलं असावं लागतं, कारण दक्षिणेकडच्या राज्यांत नर त्याच सुमारास जागा पाहायला निघतात.